मोकळ्या कानात ऐकू आलेलं रडणं

या धाग्याची मी जुनी वाचक आहे. वाचक म्हणजे चहा घेता घेता वाचून हसणारी. कुणी चकव्याबद्दल लिहिलं, कुणी पिंपळाखालच्या बाईबद्दल लिहिलं, की खाली "झोप पूर्ण करत जा" अशी एखादी खोचक ओळ टाकून मी मोकळी व्हायचे. काहींना ती ओळ आठवत असेल... त्यांची माफी मागते. घरात गणपती बसतो, सणवार होतात, पण भुताखेतांच्या गोष्टी मला कायम रिकामटेकड्यांच्या वाटत आल्या. आजही कुणी "तुझा विश्वास आहे का" असं विचारलं, तर मी हो म्हणणार नाही. जे झालं ते फक्त लिहिते. नावं बदलली आहेत, माझंही.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा हिंजवडीला, फेज दोनमध्ये एका कंपनीत होते. काय काम होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आयर्लंडमध्ये खेड्यापाड्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं असतात. त्यांना गळ्यात घालायला एक बटण दिलेलं असतं. पडलं-झडलं, छातीत दुखलं की ते दाबायचं, मग तिकडचंच एक केंद्र मदत पाठवतं. तातडीचं काम सगळं तिकडेच. आमच्याकडे साधं काम होतं – आठवड्यातून एकदा प्रत्येकाला फोन करायचा, बटण दाबून बघायला सांगायचं, दिवा लागला का विचारायचं, "सर्व ठीक" अशी नोंद करायची आणि पुढचा नंबर लावायचा.

ट्रेनिंगचे तीन दिवस होते, त्यातले दोन दिवस 'तिकडची माणसं' याच विषयावर. डब्लिनहून एक बाई व्हिडिओवर शिकवायच्या. सुरुवात हवेपासून करा. 'हाऊ आर यू' हा प्रश्न नसतो, उत्तर देत बसू नका. 'ग्रँड' म्हणजे भव्य नव्हे, 'बरं आहे' एवढंच... आणि पाय मोडलेला माणूससुद्धा ग्रँडच म्हणतो, तेव्हा शब्द ऐकू नका, आवाज ऐका. 'चल, मी तुला सोडते' म्हणजे त्यांनाच फोन ठेवायचा असतो. एकदाच 'बाय' म्हणून फोन ठेवणं उद्धटपणाचं, उतरत्या आवाजात बाय-बाय-बाय-बाय करत निघायचं. चहाला दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचा. आमच्या बॅचमधले बाकीचे हसून बेजार झाले. मला यात काही नवीन वाटलं नाही. फरक इतकाच, की आमच्या पुण्यात तिसऱ्यांदा विचारत नाहीत.

घर आमचं कसब्यात, तांबट आळीत. खाली अप्पांचं दुकान, वर दोन खोल्या. अप्पा, म्हणजे माझे वडील, तांब्याची भांडी घडवतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तांब्यावर हातोडी चालवल्यावर कान जातात, तसे अप्पांचेही गेले. आई मी कॉलेजात असतानाच वारली, तेव्हापासून आम्ही दोघंच. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी न चिडता, न ओरडता कसं बोलायचं हे मला घरातच शिकायला मिळालं होतं. म्हणून टीम लीडर निखिल सगळे बहिरे, तऱ्हेवाईक आणि बोलघेवडे म्हातारे माझ्या यादीत टाकायचा. नोराबाई त्यातल्याच.

मी त्यांना मनात नोराबाई म्हणायचे. फोनवर 'मिसेस' म्हणायचा नियम होता, पण पहिल्याच फोनला त्यांनी सांगितलं, "मी कुणाची मिसेस झाले नाही, नुसतं नोरा म्हण." वय चौऱ्याऐंशी. पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर म्हणून जिल्हा आहे, तिथल्या एका वस्तीत राहायच्या. सख्खं कुणी उरलेलं नव्हतं. शेत मायकल नावाच्या शेजाऱ्याला कसायला दिलेलं होतं, आणि घराची दुसरी किल्लीही त्याच्याचकडे. त्यांचं इंग्रजी मला पहिले दोन महिने नीट कळत नव्हतं. शब्द सगळे ओळखीचे, पण चाल वेगळीच. पुढे कान सरावला. (आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, इथे मराठीत लिहितेय.)

त्यांचा फोन दर गुरुवारी. तिकडचे अकरा, इकडचे साडेचार. नेमकं त्याच वेळी त्यांच्या लोकल रेडिओवर निधनवार्ता वाचतात. कोण गेलं, कुठल्या गावचं, प्रेत घरी कधीपासून ठेवणार, चर्च कुठलं. सगळा जिल्हा हातातलं काम थांबवून ऐकतो म्हणे. नोराबाई मला सांगायच्या, "थांब हं, आधी मेलेल्यांचं होऊ दे." मग मी कानाला हेडफोन लावून क्लेअरमधल्या अनोळखी मृतांची नावं ऐकत बसायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, आमचे अप्पा पेपर हातात घेतात तो निधनवार्तांच्या पानापासूनच. त्यांना फार आनंद झाला. "मग तुम्ही लोक ठीकच आहात," म्हणाल्या.

वर्षभरात त्यांनी मला असं बरंच काही सांगितलं. सोडा घालून केलेल्या ब्रेडवर भाजायच्या आधी सुरीने फुली मारायची, म्हणजे 'ती मंडळी' बाहेर जातात. कोण मंडळी, ते सांगायचं नाही. मी एकदा तो ब्रेड कुकरमध्ये करून बघितला. अप्पांनी एक तुकडा चावला आणि म्हणाले, "वीट छान जमलीय." त्यांच्या शेताच्या ऐन मधोमध एक काटेरी झाड होतं. मायकलचा ट्रॅक्टर त्याला वळसा घालून जायचा, पण तोडायची हिंमत कुणाची नाही. मी सांगितलं, जुन्नरकडे माझ्या मावशीच्या शेतात असाच मध्ये शेंदूर लावलेला दगड आहे, औत त्याला वळसा घालून जातं. "कुणाचा दगड?" म्हटलं, म्हसोबाचा. मग त्या पुढचे चार गुरुवार 'म्हसोबा' म्हणायचा सराव करत होत्या.

कुणी गेलं की काय करतात तेही सांगायच्या. गेलेल्याला पुढच्या खोलीत ठेवायचं, खिडकी उघडायची, घड्याळ थांबवायचं, आरसा झाकायचा. रात्रभर अख्खं गाव येऊन जाणार, हात हातात घेऊन एकच वाक्य म्हणणार आणि चहा पिऊन जाणार. ज्या घरी कप कमी पडले, त्या घराचं नाव निघतं. "माणूस कसा जगला ते लोक विसरतात," त्या म्हणाल्या, "चहा कसा होता ते विसरत नाहीत."

जानेवारीत एकदा मीच विचारलं, इतक्या एकट्या राहता, भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, "कशाची? आमच्याकडे रडणारी येते तेवढीच. ती कुणाला काही करत नाही." मग अगदी सहज सांगितलं. तिकडच्या काही जुन्या घराण्यांत कुणी जायचं असलं, की आधी एका बाईचं रडणं ऐकू येतं. बाई दिसत नाही. टॉम म्हणून त्यांचा भाऊ होता. तो गेला त्या दिवशी भर दुपारी नोराबाई बटाटे सोलत होत्या, आणि अंगणात कुणीतरी रडायला लागलं. त्या बाहेर जाऊन बघून आल्या, कुणी नव्हतं. टॉम तेव्हा बाजाराच्या गावी होता, धडधाकट. संध्याकाळी तिथेच रस्त्यात पडला. पाऊस पडून गेला हे सांगावं तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. नंतर कॅन्टीनमध्ये मी ते सलमाला रंगवून सांगितलं. सलमा आमच्या क्वालिटी टीममध्ये होती, म्हणजे आमचे रेकॉर्ड झालेले कॉल ऐकून मार्क देणारी. आम्ही दोघी हसलो.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी तो गुरुवार आला.

माझी जागा चौथ्या मजल्यावर, कोपऱ्यात. डावीकडे खांब, खांबापलीकडे काच, आणि ती काच उघडत नाही. आमचे हेडफोन एका कानाचे असायचे. उजव्या कानावर हेडफोन, डावा मोकळा. मी नोराबाईंचा नंबर लावला. रिंग वाजायला लागली आणि त्याच वेळी डाव्या कानात रडणं आलं.

आधी वाटलं, फ्लोअरवर कुणीतरी रडतंय. टार्गेटवरून बोलणी खाऊन रडणारे आमच्याकडे कमी नव्हते. पण हे तसं मुसमुसणं नव्हतं. आई गेली तेव्हा जुन्नरहून मावशी आली होती, ती दारातूनच हेल काढून रडत आली होती... वर चढणारा, मोडणारा, परत वर जाणारा आवाज. शहरात असं कुणी रडत नाही. हे रडणं तसंच होतं. शब्द असावेत असं वाटत होतं, पण एकही कळत नव्हता. मी मान वळवून पाहिलं. खांब आणि काच, बस.

नोराबाईंनी फोन उचलला. "गुड मॉर्निंग, मेघना. काय पाऊस लागलाय म्हणून सांगू..."

मी म्यूट केलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. रडणं चालूच होतं, उलट आता जवळ आलं होतं. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा मागे, बसलेल्या माणसाच्या कानाशी वाकावं इतकं जवळ.  शेजारच्या सीटवरच्या मुलीला खुणेने विचारलं, कोण रडतंय? तिने ओठ बाहेर काढून 'माहीत नाही' केलं आणि परत आपल्या कॉलमध्ये गेली. तिला काही ऐकू येतच नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

मी परत हेडफोन लावला. 

"कुठे गेलीस गं?" नोराबाई.

"सॉरी, नोरा. इथे कुणीतरी रडतंय. कोण ते दिसत नाहीये."

 त्यांच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती. म्हणजे एका कानात क्लेअरमधलं घड्याळ, आणि दुसऱ्यात ते.

"कशी रडतेय ती?" त्यांनी विचारलं.

मी 'ती' म्हटलं नव्हतं. ते माझ्या नंतर लक्षात आलं.

मी सांगितलं, मेलेल्या माणसासाठी रडतात तशी. त्या म्हणाल्या, "मला नाही ऐकू येत काही. माझ्याकडे फक्त पाऊस आहे." मग अगदी हलक्या आवाजात, "तुझे वडील कसे आहेत, मेघना?"

"बरे आहेत. सकाळी बरे होते."

"घरी जा. आत्ता जा."

"बटण दाबून बघायचं राहिलंय—"

"बटण ग्रँड आहे. मीही ग्रँड आहे. तू घरी जा, पोरी."

आणि त्यांनी फोन ठेवला. एकदासुद्धा बाय न म्हणता. त्याच क्षणी रडणंही थांबलं. विरत नाही गेलं, दार लावून घेतल्यासारखं थांबलं. खरं तर तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण डोक्यात अप्पांशिवाय काही नव्हतं.

निखिलला म्हटलं, घरी इमर्जन्सी आहे.  खाली आले आणि रिक्षा पकडली. अप्पांना फोन लावला. वाजत राहिला. अप्पांना फोन ऐकू येत नाही हे मला माहीत आहे, दहापैकी नऊ वेळा ते उचलतच नाहीत, तरी मी लावत राहिले. समोरच्या चहाच्या दुकानाचा नंबर बंद लागत होता. वाकडच्या पुलापाशी अर्धा तास एका जागी उभे. रिक्षावाले काका आरशातून माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "ताई, दवाखाना आहे का? तसं असेल तर आतून घेतो." मी हो म्हटलं. त्यांनी औंधमधून कुठून कुठून काढली. मी मोकळ्या कानावर ओढणी घट्ट धरून बसले होते. तो आवाज परत आला तर ऐकू येऊ नये म्हणून.

आळीच्या तोंडाशी उतरले तेव्हा सात वाजायला आले होते. आळीत अंधार होता. ठोक्यांचा आवाज नाही. दुकानाची फळी अर्धी लावलेली. आत गेले तर अप्पा पोत्यावर आडवे, एक हात छातीवर, तोंड उघडं. मी हाक मारली. दोनदा मारली. मग खाली बसून त्यांचा खांदा हलवला, आणि त्या एका सेकंदात मला जे वाटलं ते मी लिहू शकत नाही.

अप्पांनी डोळे उघडले. "काय गं, आज लवकर?"

"झोपलात काय असे? दिवे का नाहीत?"

"गुरुवार आहे. लाइट सकाळपासून गेलीय, पाचला येणार म्हणाले होते. अंधारात ठोकू काय, बोट?"

मी रडायलाच लागले. त्यांनी उठून मला माठातलं पाणी दिलं. मग मेणबत्तीच्या उजेडात, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, मी सगळं सांगितलं.  ऐकून झाल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"तू बोलत होतीस कुणाशी?"

"नोराबाईंशी. सांगितलं ना."

"मग माझ्याकडे कशाला धावत आलीस? ज्या माणसाशी बोलताना ऐकलंस त्याचं आधी बघायला नको का?"

"त्या म्हणाल्या मी ग्रँड आहे..." बोलता बोलताच मी फोन हातात घेतला.

नोराबाईंचा नंबर माझ्याकडे नव्हता. ग्राहकांचे नंबर ऑफिसबाहेर न्यायची परवानगी नसते. निखिलला फोन केला. त्याला म्हटलं, त्यांच्या कीहोल्डरला, म्हणजे ज्याच्याकडे किल्ली असते त्या शेजाऱ्याला, आत्ताच्या आत्ता घरी पाठवायला सांग. तो म्हणाला, "अलार्म आलाय का? मग कारण काय टाकू?" मी खोटं बोलले. म्हटलं, बोलताना त्यांची जीभ जड वाटत होती, मला तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याने एक शिवी हासडली, पण तिकडच्या केंद्राला कळवलं. वीस मिनिटांनी त्याचा मेसेज आला – शेजारी निघालाय. त्यापुढे काही नाही. दिवे साडेआठला आले. अप्पांनी खिचडी टाकली. मी दोन घास खाल्ले असतील.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले, तर नोराबाईंच्या नावापुढे 'मृत' असं लिहिलेलं होतं.

सोमवारी यंत्र परत घेण्यासाठी मायकलला फोन करायचा होता. तो मी मागून घेतला. मायकल साठीच्या पुढचा असावा, अडखळत बोलणारा माणूस. त्याने सांगितलं ते असं. केंद्राचा फोन आला तेव्हा तो गोठ्यात होता. तसाच निघाला. नोराबाईंच्या घराचं पुढचं दार उघडं होतं. भर पावसात, सताड. आत त्या आरामखुर्चीत बसल्या होत्या. अंगात रविवारचा निळा स्वेटर, केस विंचरलेले. गळ्यातलं बटण काढून दारामागच्या खिळ्याला नीट टांगून ठेवलेलं. आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर घरातला झाडून सगळा चहाचा सेट मांडलेला. चोवीस कप. बशांवर उलटे घातलेले, पुसून.

त्या जिवंत होत्या. अर्धं अंग गेलं होतं, पण शुद्धीवर होत्या. डॉक्टर आले, म्हणाले हलवण्यात अर्थ नाही. मायकल आणि त्याची बायको त्यांच्याजवळ बसले. पाच तास होत्या. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, ती इंडियातली मुलगी घरी पोचली का?

"तूच का ती?" मायकलने विचारलं.

मी हो म्हटलं. मग त्यालाही सगळं सांगितलं.   तेव्हा तो म्हणाला, "ज्याला न्यायचं असतं त्याला ते ऐकू येत नाही. त्याच्या माणसांना ऐकू येतं. तिचं रक्ताचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून आम्हाला वाटलं होतं, तिच्या वेळी ते कुणालाच ऐकू येणार नाही."

म्हणजे मी 'रडतंय' म्हटलं आणि त्यांना ते ऐकू आलं नाही, तेव्हाच त्यांना कळलं का? मग मला घरी का पाठवलं? खरंच अप्पांची काळजी वाटली, की मी लाइनवर राहून मदत बोलावू नये म्हणून? मला माहीत नाही. पुढे किती दिवस मी यावर विचार करत होते. दुःख होतं, पण भीती जास्त होती.

ती का, तर पुढच्या आठवड्यात ऑडिट लागलं. कॉलमध्ये बाई स्वच्छ बोलतायत, जीभ कुठेच जड नाही, मग एजंटला कसं कळलं? निखिलने मला आणि सलमाला एका खोलीत बसवलं. आमच्याकडे रेकॉर्डिंगचे दोन भाग असतात. स्क्रीनवर एकाखाली एक दोन पट्ट्या दिसतात – खालची ग्राहकाची, वरची एजंटची, म्हणजे माझ्या माइकने टिपलेला आवाज. सलमाने कॉल चालू केला.

रडणं रेकॉर्ड झालेलं होतं.

निखिल म्हणाला, "बॅकग्राउंडला कुणाचं बाळ रडतंय का त्यांच्याकडे?"  सलमाने खालची पट्टी बंद केली. घड्याळाची टिकटिक गेली, नोराबाई गेल्या, पाऊस गेला. रडणं राहिलं. मग तिने वरची पट्टी बंद करून खालची लावली. तिथे पाऊस, घड्याळ, नोराबाई. बाकी काही नाही. आवाज हिंजवडीत होता, माझ्या टेबलापाशी. फोन उचलला जाण्याआधी नुसती रिंग वाजत असतानाही माझ्या पट्टीवर तो होता. सलमाने त्याच वेळचे माझ्या पुढच्या-मागच्या-शेजारच्या सीटचे कॉल काढले. कशातच नाही. त्या दिवशी तिने ते तीन वेळा लावलं. तिसऱ्यांदा निखिल फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

अहवालात लिहिलं गेलं – 'एजंटच्या बाजूने पार्श्वभूमीचा आवाज'. माझे पाच मार्क कापले. तीन महिन्यांनी रेकॉर्डिंग नियमाप्रमाणे आपोआप पुसली जातात, तसं ते पुसलं गेलं. वर्षाच्या आत मी नोकरी सोडली.

स्पष्टीकरणं मी स्वतःच शोधून पाहिली. थकवा म्हणावं, तर माइक थकत नाही. एसीच्या पाइपमधून आवाज आला म्हणावं, तर शेजारच्या माइकमध्ये का नाही? नोराबाईंच्या गोष्टीने मनावर परिणाम झाला म्हणावं, तर निखिलला कुणी गोष्ट सांगितली होती? त्यालाही ऐकू आलं. कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, खोचक असलं तरी चालेल.

हे इथे टाकायच्या आधी मी सलमाला फोन केला, बऱ्याच वर्षांनी. म्हटलं, लिहितेय, चालेल का? ती म्हणाली, "लिही. माझं नाव घालू नकोस."  मी ठेवणार इतक्यात म्हणाली, "तुला सांगितलं नव्हतं. मी तो आवाज परत ऐकला. दोन वर्षांपूर्वी. ओट्याशी उभी होते, दुपारी. घरात सगळे ठीक होते म्हणून मी खिडकी लावून घेतली आणि कामाला लागले. संध्याकाळी अब्बा गेले."

मी विचारलं, नक्की तोच?

"तीन वेळा ऐकलाय मी तो," ती म्हणाली. "चुकेन कशी?"

सलमा नोराबाईंशी कधी एक शब्द बोललेली नव्हती. तिने फक्त रेकॉर्डिंग ऐकलं होतं. तेवढं तर मीही ऐकलंय.

अप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. तब्येत चांगली आहे. दुपारी जेवून तासभर आडवे होतात, आणि तेवढा वेळ आळीही गप्प असते. त्या तासात मी घरात थांबत नाही. काहीतरी काम काढून मंडईत जाते, लक्ष्मी रोडला जाते, जिथे हॉर्न आणि गर्दी असेल तिथे. ऐकू आलं नाही म्हणून काही टळणार नाही, हे मला कळतं. तरी जाते.